नख अडकेल एवढा चरा

बाबालालनं अंगठ्याचं नख गाडीच्या दारावरून आडवं फिरवलं. डोळे मिटून फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं आणि म्हणाला, "अडकत न्हाई."

"म्हणजे काय?"

"म्हंजे चरा वरवरचा हाय, म्याडम. नख अडकलं तर रंग फाटला म्हणायचं. मग पॉलिशनं भागत न्हाई, आख्खं दार रंगवाय लागतंय. ह्यो निघून जाईल. तुमी बघा की फिरवून."

मी फिरवून पाहिलं. खरंच कुठे अडकत नव्हतं. डाव्या बाजूच्या मागच्या दारावर तीन चरे, बंपरवर एक आणि बॉनेटवर मांजरांनी काढलेली बारीक नक्षी. बारा वर्षांच्या गाडीवर एवढं असायचंच.

"पण मी ही एक्स्चेंजला देणार आहे," मी म्हणाले. "गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही. बिनक्लचची नवीन घेतेय. मग हिच्यावर आता खर्च करायचा, की आहे तशी द्यायची?"

बाबालालनं फडक्याला हात पुसले. मिरज रस्त्याला त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं आणि आमची गाडी पहिल्यापासून त्याच्याच हाताखालून गेलेली. "पावणं यायचं म्हटल्यावर आपण अंगण झाडतोय का न्हाई? बघणाऱ्याची पयली नजर दारावर जाती. करून घ्या."

"विचार करून सांगते."

"करा. पर लई करू नका. नायतर तोवर अजून चार पडत्याल."

मी तेव्हा सहासष्ट वर्षांची होते. आता त्याला सात वर्षं झाली. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षं स्टेनो म्हणून काढून निवृत्त झाले होते, आणि हे जाऊन पाच वर्षं होत आली होती. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. पोळ्या करायला बाई ठेवली नव्हती, कारण दोन पोळ्यांसाठी बाई ठेवणं म्हणजे स्वतःचंच हसं करून घेणं. दर शनिवारी गाडी काढून हरिपूरला जायचं, संगमावर तासभर बसायचं, येताना भाजी आणायची, हा माझा आठवड्याचा कार्यक्रम. बाकीचे सहा दिवस शनिवारची वाट बघण्यात जायचे. आणि रविवारची.

रविवारी दुपारी साडेतीनला सलीलचा फोन यायचा. सलील माझा मुलगा, एकुलता एक. जर्मनीत नोकरीला, तिथेच बायको ईशा आणि तीन वर्षांची रेवा. फोन कधी चुकला नाही. "कशी आहेस?" "बरी आहे." "गोळ्या घेतल्यास?" "घेतल्या." "इकडं थंडी आहे." "इकडं नाही एवढी." मग रेवाला फोनसमोर उभं करायचे, ती माझ्याकडे बघायची आणि पळून जायची. सगळं मिळून सहा मिनिटं. मी घड्याळ लावून बसत नव्हते, पण चौतीस वर्षं लोकांच्या साक्षी टाइप केल्यावर कोण किती वेळ बोललं हे आपोआप कळतं.

तो वाईट मुलगा आहे असं कुणी म्हटलं, तर मी त्याच्याशी भांडायला उठेन. आमच्याकडे बोलायलाच काही उरलं नव्हतं, एवढंच. त्याचं काम मला कळत नव्हतं आणि माझ्या दिवसात सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. पोळी करपली, हे जर्मनीला कसं कळवायचं?

त्या रविवारी सहा मिनिटं संपत आली आणि मी सहज म्हणून सांगितलं, "बाबालालकडं गेले होते. तो म्हणतो, एक्स्चेंजच्या आधी चरे काढून घ्या."

"थांब, थांब," सलील म्हणाला. "काही करू नकोस. त्याला हातसुद्धा लावू देऊ नकोस."

"का रे?"

"अगं, एक्स्चेंजवाल्यांकडं रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं. एका दारावर बाकीच्यांपेक्षा जास्त रंग लागला की ते म्हणतात, ही ॲक्सिडेंटची गाडी. चऱ्यांचे दोन हजार कापतील, पण ॲक्सिडेंटचा संशय आला तर वीस कापतील."

"पण तो रंगवणार नाहीये. नुसतं पॉलिश. नख अडकत नाही म्हणाला."

"नख?"

मी त्याला नखाचं सांगितलं. बाबालालनं डोळे कसे मिटले तेही सांगितलं. सलील मोठ्यानं हसला. त्याचं तसलं हसणं मी किती वर्षांनी ऐकलं, मला सांगता येणार नाही. मग त्यानं प्रत्येक चऱ्याची चौकशी केली. लांबी किती, खाली काळं दिसतं की पांढरं, गंज आहे का. मी खाली पार्किंगमध्ये जाऊन फोन हातात धरून एकेक दाखवला आणि फोटोही पाठवले.

"बंपरवरचा माझा आहे," तो एकदम म्हणाला. "शेवटच्या वर्षाला असताना. बाबांना सांगितलं होतं की रिक्षावाल्यानं मारला."

"त्यांना माहीत होतं."

"काय सांगतेस!"

"दुसऱ्याच दिवशी त्यांनी गेटच्या खांबावरचा रंग बघितला. मला म्हणाले, काही बोलू नकोस, पोरगं आधीच घाबरलंय."

फोन ठेवला तेव्हा एकोणचाळीस मिनिटं झाली होती.

सोमवारी दुपारी साडेबाराला पुन्हा फोन वाजला. पडद्यावर त्याचं नाव होतं. सोमवारी तो कधी फोन करत नाही, मग रेवाला काही झालं की काय?

"आई, ते फोटो नीट आले नाहीत," तो म्हणाला. मागे रहदारीचा आवाज येत होता, गाडीनं ऑफिसला जात होता. "उन्हात गाडी लाव आणि तिरके काढ. समोरून काढलेस तर चरा दिसत नाही."

मी गाडी उन्हात लावली. तिरके फोटो काढले. मंगळवारी त्यावर चर्चा झाली. बुधवारी तो म्हणाला की त्याच्या ऑफिसातल्या एकानं गाडी विकण्याआधी सगळं रंगवून घेतलं आणि पस्तावला. गुरुवारी मी बाबालालचं म्हणणं त्याच्यापुढे मांडलं, अगदी वकिलासारखं, की पहिली नजर महत्त्वाची. शुक्रवारी त्यानं ते खोडून काढलं. दोघांनाही पक्कं ठाऊक होतं की प्रश्न फार तर दोन-तीन हजारांचा आहे.

असे अकरा दिवस गेले. चऱ्यांच्या मधल्या जागेत तो दुसरंही बोलायचा. रेवा मराठीत उत्तर देत नाही, जर्मनमध्येच देते. ईशाला परत यायचंय पण ती उघड बोलत नाही. एकदा बाबालालनं दाखवायला दिलेल्या पॉलिशच्या डब्यावर काय लिहिलंय ते मी वाचून दाखवत होते, तर मध्येच म्हणाला, "आई, मी महिनाभर डबा गाडीत बसून खातोय. ऑफिसच्या पार्किंगमध्ये."

"का?"

"आत सगळे घोळक्यानं बसतात. भाषा येते मला, पण त्यांच्या विनोदांना हसायला मला दोन सेकंद उशीर होतो."

सहा मिनिटांच्या फोनमध्ये त्यानं हे मला कधीही सांगितलं नसतं. मी म्हटलं, "डब्यात काय नेतोस?" तो म्हणाला, "बटाट्याची भाजी." मग आम्ही पुन्हा चऱ्यांकडे वळलो.

मी मुद्दाम निर्णय घेत नव्हते, हे कबूल करते. "बघू," "अजून एकाला विचारते," "शोरूमवाला काय म्हणतो ते कळू दे," असं म्हणत मी रोज विषय पुढच्या दिवसावर ढकलत होते. न्यायालयात तारखा कशा पडतात, ते मला कुणी शिकवायला नको होतं. सकाळी उठताना साडेबारा वाजायला किती तास आहेत ते मोजायचे. आंघोळ लवकर उरकायचे. एकदा तर फोनच्या आधी साडी बदलली, आणि मग स्वतःचाच राग आला.

बाराव्या दिवशी सलील म्हणाला, "आई, आता पुरे. मी सगळं वाचून काढलंय. फक्त पॉलिश करून घे, रंग नाही. बुधवारी गाडी बाबालालकडं टाक आणि पुढच्या मंगळवारी शोरूमचा माणूस बोलाव. संपला विषय."

"बघते."

"बघते नाही. करून टाक. उगाच तुझ्या डोक्याला ताप."

मी करून टाकलं. बाबालालनं दोन तासांत असं काही पॉलिश केलं की गाडी नवीन दिसायला लागली. चरे गेले. मांजरांची नक्षी गेली. बंपरवरचा सलीलचा चरासुद्धा गेला. बाबालाल दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाला, "आता द्यायलाच नको वाटती का न्हाई?" मी त्याच्यावर उगाच खेकसले, की माझ्या साइडची काच पुसायची राहिली आहे. बिचारा पुसायला लागला.

गुरुवारी फोन आला नाही. शुक्रवारी आला नाही. शनिवारी मी हरिपूरला गेलेच नाही, न जाणो तेवढ्यात फोन यायचा. रविवारी साडेतीनला आला.

"झालं ना पॉलिश?"

"झालं."

"मस्त. गोळ्या घेतल्यास?"

पाच मिनिटं.

सोमवारी दुपारी एक वाजता मी गाडीची किल्ली घेऊन खाली गेले. आमचा वॉचमन, बिरू हाक्के, त्या वेळेला पंपाच्या खोलीमागे बसून भाकरी खातो हे मला ठाऊक होतं. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. मी रागात नव्हते, रडतही नव्हते. कुकर लावायला जावं तशी गेले. मागच्या दाराच्या हँडलपाशी किल्लीचं टोक टेकवलं आणि चाकापर्यंत ओढत नेलं. नख फिरवून पाहिलं. अडकत नव्हतं. पॉलिशनं निघेल एवढा चरा मला काय कामाचा? मी पुन्हा त्याच रेघेवर किल्ली दाबून फिरवली. भांडं खरवडल्यासारखा आवाज झाला आणि अंगावर काटा आला. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा पांढऱ्याखालचं करडं दिसायला लागलं. नख अडकलं.

वर आले, हात धुतले, पाणी प्यायले आणि सलीलला फोन लावला.

"सलील, गाडीवर कुणीतरी मोठा चरा पाडलाय रे."

"काय? कुणी?"

"काय माहीत. आत्ता खाली गेले तर दिसला."

"नख अडकतंय?"

"अडकतंय."

"आयला!" तो आईसमोर असं कधी बोलत नाही. "थांब, मी बाहेर येतो." मग दार लोटल्याचा आवाज आला, जिन्यातला घुमणारा आवाज आला आणि तो पंचवीस मिनिटं बोलला. आता दार रंगवावं लागणार, मग त्या यंत्राचं काय करायचं, की तसंच दाखवून खरं काय ते सांगायचं? शोरूमच्या माणसाला उद्या येऊ नको म्हणून कळव, असंही म्हणाला. संध्याकाळी पुन्हा फोन. जेवायच्या वेळेला पुन्हा. एका दिवसात तीन. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मला आनंद झाला, आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली.

मंगळवारी सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर बिरू उभा होता, टोपी हातात. त्याचं तोंड उतरलं होतं.

"मावशी, म्या न्हाई वो केलं."

"काय केलं नाहीस?"

"गाडीचं. सेक्रेटरी सायेब म्हणत्यात, समद्यांच्या गाड्या तू पुसतोस, ती म्हातारीच तेवढी तुला काम देत न्हाई, म्हणून तू खुन्नस काढलीस. लेकराची आण घेतो मावशी, म्या तिकडं फिरकलोबी न्हाई. उद्यापास्नं येऊ नको म्हणल्यात."

सेक्रेटरी म्हणजे सन्मती चौगुले, तळमजल्यावरचा. सलीलच्या वर्गातला. औषधाचं दुकान चालवतो. सलीलनं जर्मनीहून त्याला फोन केला होता, की माझी आई एकटी राहते आणि तुमच्या सोसायटीत हे असे प्रकार होतात, वॉचमन काय करतो? मला हे सुचलंच नव्हतं. माझ्या डोक्यात मी, सलील आणि तो चरा, एवढीच माणसं होती.

"तू केलं नाहीस, मला माहीत आहे," मी म्हणाले.

"मग तसं सांगा की सायबास्नी."

"सांगते. तू इथंच थांब."

मी जिना उतरले. काय सांगायचं ते मी ठरवलं होतं. चरा मीच पाडला. का पाडला, हे विचारलं तर सांगायचं की ती माझी गाडी आहे. सन्मती दुकानाला निघायच्या तयारीत होता. मला पाहून त्यानं पटकन खुर्ची पुढे ओढली.

"बसा काकू."

"बसत नाही. सन्मती, बिरूनं काही केलेलं नाही."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"आत्ताच कॅमेऱ्यात बघितलं. त्याला मी बोलावूनच घेणार होतो. चुकलंच माझं, आधी बघायला हवं होतं."

"कॅमेरा तर दिवाळीपासून बंद आहे."

"गेल्या आठवड्यात सुरू केला, काकू."

मी बसले. त्यानं आतून पाणी आणून दिलं आणि माझ्यासमोर स्टुलावर बसला. इतक्या हळू आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. एरवी मेंटेनन्सच्या पावतीवरून आमची वादावादी ठरलेली.

"काकू, काल दुपारी तुम्ही खाली आला होता, हे तुम्हाला आठवतंय का?"

सहासष्ट वर्षांची बाई, आणि लहान पोरीसारखी पकडली गेले होते. मान वर करून त्याच्याकडे बघवेना. सन्मतीनं माझ्या गप्प बसण्याचा आपल्या परीनं अर्थ लावला.

"असू दे, असू दे," तो म्हणाला. "माझ्या आजोबांचंही असंच सुरू झालं होतं. घाबरायचं काही नाही, हल्ली औषधं आहेत. मी सलीलला क्लिप पाठवलीय. तो बघेल काय ते."

तो मला जिन्यापर्यंत सोडायला आला. कोपराला धरून. ज्या जिन्यावरून मी दिवसातून चार वेळा चढउतार करते, त्या जिन्याची पहिली पायरी त्यानं मला हातानं दाखवली.

वर बिरू अजून उभाच होता. "तुला खाली बोलावलंय," मी म्हणाले. "काम गेलं नाही तुझं." त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी दार लावून घेतलं.

मंगळवारचा उरलेला दिवस सलीलचा फोन आला नाही. बुधवारी आला नाही. मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. त्यानं ती क्लिप पाहिली असेल, किती वेळा पाहिली असेल, ईशाला दाखवली असेल का? त्याला काय सांगायचं ते मी मनात जुळवून ठेवलं. एकच वाक्य होतं. तू फोन करावास म्हणून मी ते केलं. टाइप करायचं असतं तर तीन सेकंदांत झालं असतं. मोठ्यानं म्हणून बघितलं तर रिकाम्या घरात माझाच आवाज मला परका वाटला.

गुरुवारी साडेबाराला फोन वाजला. मागे रहदारीचा आवाज नव्हता. तो घरीच होता.

"ऑफिसला गेला नाहीस?"

"नाही. सुट्टी घेतली." त्याचा आवाज बसला होता. "आई, मी ती क्लिप दहा-बारा वेळा पाहिली. तू किती शांतपणे करतेस ते. मग नख फिरवून बघतेस, मग परत करतेस."

"सलील, ऐक..."

"आधी माझं ऐक. मला बोलू दे, नाहीतर जमणार नाही मला. त्यानंतर वीस मिनिटांनी तू मला फोन करून सांगतेस की कुणीतरी चरा पाडलाय. तुझा आवाज किती साधा होता. मी ईशाला म्हटलं, दोनच शक्यता आहेत. आई खोटं बोलली, नाहीतर तिला आठवतच नाहीये. आणि आई माझ्याशी खोटं बोलणार नाही. सबंध आयुष्यात कधी बोलली नाही."

जुळवून ठेवलेलं वाक्य जिभेवर होतं, ते तिथेच राहिलं. हे ऐकल्यावर कोणत्या तोंडानं सांगायचं?

"मी इथल्या एका ओळखीच्या डॉक्टरांशी बोललो," तो सांगत होता. "ते म्हणाले, लगेच घाबरू नका. थकव्यानं, झोप न झाल्यानंही एखाद्या वेळी असं होतं. आईला साधे साधे प्रश्न विचारा. सगळी उत्तरं नीट आली तर फार काळजी नाही. मग तू ठरल्याप्रमाणं गाडी बदल, मी मध्ये पडणार नाही. पण नाही आली, तर..."

"तर काय?"

"तर किल्ली आजच सन्मतीला देऊन टाक. तो गाडी विकून टाकेल. तू आता गाडी चालवायची नाहीस, जुनी नाही आणि नवीनही नाही. रागावू नकोस. मी रोज फोन करीन, याच वेळेला. आणि मार्चमध्ये येतो. डॉक्टरांकडं बरोबर जाऊ."

"मार्चमध्ये? किती दिवस?"

"तीन आठवडे तरी. रेवाला पण आणतो."

तीन वर्षांत तो आला नव्हता. रेवाला मी मांडीवर कधी घेतलंच नव्हतं.

"विचारू?" तो म्हणाला.

"विचार."

"तुझी जन्मतारीख?"

सांगितली.

"बाबा कधी गेले?"

तारीख सांगितली. वेळही सांगितली. त्यानं सुस्कारा सोडला. मला त्याची कीव आली आणि स्वतःचीही आली. एवढ्या लांब बसून तो माझ्या एकेका बरोबर उत्तरानं सुटत चालला होता. शेवटचं उत्तर बरोबर आलं की तो पूर्ण सुटणार होता. मग शोरूमचा माणूस येणार, बिनक्लचची गाडी येणार, शनिवारी हरिपूर, आणि रविवारी साडेतीनला सहा मिनिटं.

मला संगमावरचा घाट दिसला. गाडी सावलीत लावून, काचा खाली करून मी तिथे बसते, आणि कुणी विचारत नाही की बाई एकट्या का आलात. ते सोडायचं मला खरंच जिवावर आलं होतं. गाडी चालवताना मी कुणाची आई नसते, कुणाची विधवा नसते. नुसती गाडी चालवणारी बाई असते.

"आई? आहेस ना? आज वार कोणता?"

गुरुवार होता. खालच्या मजल्यावर गुरुवारचा उपास असतो, त्यांच्या साबुदाण्याच्या खिचडीचा वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. मी त्याच्याकडे बघतही होते.

"सांग ना, आई."

"सोमवार," मी म्हणाले.

मग रेवाशी बोलतो तशा आवाजात, एकेक शब्द सावकाश उच्चारत तो म्हणाला, "बरं. काही हरकत नाही, हं. तू आता थोडं पड. मी उद्या परत फोन करतो."

"किती वाजता?" मी विचारलं.